पोरांसाठी वेगळा कायदा, हा लाड कधीपासून?

प्रश्न : माझ्या बहिणीचा मुलगा सोळा वर्षांचा आहे, अकरावीत. ग्राउंडवरून कोणाचा तरी मोबाईल उचलला म्हणून पोलीस घेऊन गेले, दुसऱ्या दिवशी सोडलं, आता बाल न्याय मंडळात तारीख आहे. बहीण रडून अर्धी झालीय आणि बिल्डिंगमधले म्हणतात पुण्याच्या पोर्शेवाल्यासारखं यालाही निबंध लिहायला लावून सोडतील, नव्या कायद्याने पोरं डोक्यावर बसलीत, पूर्वी असं नव्हतं. खरंच नव्हतं का? आणि त्याचं नाव कायम पोलिसांच्या कागदात राहणार का?
– एक मावशी, नाशिक

उत्तर : ताई, पूर्वी म्हणजे नक्की कधी ते विचारा त्यांना. इंग्रजांनी १८५० सालीच कायदा केला होता की छोट्या गुन्ह्यात सापडलेल्या पोराला तुरुंगात घालण्याऐवजी काहीतरी कामधंदा शिकायला लावा. १८५७ मध्ये मुंबईत ससूनांच्या नावाने अशा मुलांसाठी सुधारगृह निघालं, माहीमचं डेव्हिड ससून इंडस्ट्रियल स्कूल ते हेच. १९२४ ला मुंबईचा स्वतःचा बालक कायदा आला, आणि टिळक-आगरकरांनी १८८२ साली डोंगरीच्या ज्या तुरुंगात १०१ दिवस काढले ना, तिथेच पुढे मुलांचं रिमांड होम आलं. लाड वगैरे काही नाही, तिथे एकदा जाऊन आलेला माणूस लाड हा शब्द वापरणार नाही.

कागदावर सगळं होतं, पण पोरं मोठ्यांच्या जेलमध्ये सापडतच होती. पत्रकार शीला बरसे त्यासाठी सुप्रीम कोर्टात गेल्या, आणि १९८६ मध्येच देशभरासाठी एक कायदा आला. त्यात मुलगा सोळापर्यंत आणि मुलगी अठरापर्यंत बालक. २००० च्या कायद्याने दोघांनाही अठरा केलं. मग २०१२ चं दिल्लीचं निर्भया प्रकरण झालं, त्यातला एक आरोपी अठराच्या आतला निघाला, लोक रस्त्यावर आले आणि २०१५ च्या कायद्यात सोळा ते अठराच्या मुलाने अतिगंभीर गुन्हा केला तर त्याच्यावर मोठ्यांसारखा खटला चालवायची वाट उघडली. म्हणजे नवा कायदा उलट कडक झालाय, बिल्डिंगवाले बरोब्बर उलटं सांगतायत! आणि २०२४ च्या पुण्यातल्या पोर्शे अपघातातल्या अल्पवयीन मुलाचा तो ३०० शब्दांचा निबंध जामिनाची अट होती, शिक्षा नव्हे, आणि तो आदेशही लोक भडकल्यावर दोन-तीन दिवसांतच मंडळाने बदलला.

आता तुमच्या भाच्याचं. साधी चोरी म्हणजे किरकोळ गुन्हा, सोबत कोणी मोठा माणूस नसेल तर एफआयआरसुद्धा होत नाही, डायरीत नोंद होते. मंडळात एक मॅजिस्ट्रेट आणि दोन सामाजिक कार्यकर्ते बसतात. प्रोबेशन ऑफिसर घरी येऊन शाळा, मित्र, घरचं वातावरण सगळं विचारेल, त्याच्यापासून काही लपवू नका कारण त्याच रिपोर्टवर बरंच ठरतं. चौकशी चार महिन्यांत संपवायची असते, फार तर आणखी दोन. दोष सिद्ध झाला तरी समज देऊन किंवा समुपदेशनाला पाठवून घरी सोडता येतं, आणि पुढे नोकरीत वगैरे त्याचा अडसर येऊ नये, ठरावीक मुदतीनंतर रेकॉर्ड नष्ट करावं असं कायदाच सांगतो. त्याचं नाव-फोटो छापणं हा गुन्हा आहे, सोसायटीच्या ग्रुपवर कोणी टाकला तर स्क्रीनशॉट काढून ठेवा.

वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातून फुकट मिळतो. तारखेला जाताना दहावीचं सर्टिफिकेट घ्या, वयासाठी तेच आधी बघतात.