घर्षण, कर्षण आणि काढणे

फोंड्याहून विचारणा आली आहे: 'लेझरने यानाचे हवेशी होणारे घर्षण कमी करतात' हे वाक्य बरोबर आहे का, आणि हायपरसॉनिकला (ध्वनीच्या पाचपटीहून जास्त वेगाला) 'स्वनातीत' चालेल का?

घर्षण नव्हे हो, कर्षण! 'ड्रॅग' दिसला की घर्षण लिहायची खोडच लागली आहे. कोलव्याला रापण ओढताना दोर तळहाताला घासतो, ते घर्षण. पाण्याने फुगलेले जाळे मागे खेचते, ते कर्षण. कर्षणात घर्षणाचाही वाटा असतो. पण बोथट नाकाच्या यानाला मुख्यतः अडवतो तो आघात-तरंगामागे, म्हणजे यानापुढे एकदम दबलेल्या हवेच्या पातळ भिंतीमागे, नाकावर साचलेला दाब.

लेझरचा रोख त्या दाबावर. नाकापुढे थोड्या अंतरावर झोत एकवटून हवा तापवायची. दाब तोच राहून तापमान (केल्विनमध्ये) चौपट झाले, तर घनता पावपट होते आणि ध्वनीचा वेग दुप्पट. माख म्हणजे यानाचा वेग ध्वनीच्या वेगाच्या किती पट; म्हणून माख ६ने निघालेले यान तेवढ्यापुरते माख ३वर येते. आघात-तरंग पुढे सरकून तिरपा होतो, दाब उतरतो. पण ५ सेंटिमीटरचा तापलेला बुडबुडा सेकंदाला १,८०० मीटर वेगात २८ मायक्रोसेकंदांत मागे पडतो. सलग वाट हवी तर सेकंदाला ३६,००० स्पंद सोडा! नेम अक्षावरून ढळला, तर नाक एका अंगाला ढकलले जाते. शिवाय ३० किलोमीटर उंचीवरच्या विरळ हवेत ठिणगी पाडायलाच जास्त तीव्र झोत लागतो.

असो. खरी गंमत कर्षण ज्यातून आले त्या 'कृष्' (ओढणे) धातूत आहे. बाराव्या शतकात जैन वैयाकरण हेमचंद्राने प्राकृतात 'कृष्'च्या जागी 'कड्ढ' सांगितला; तेच आपले काढणे, कोकणीतले काडप. म्हणजे नांगर ओढणारी कृषी, आकर्षण, उत्कर्ष आणि विहिरीतून पाणी काढणे, सगळी एकाच कुळातली. (संघर्ष मात्र 'घृष्'चा, घासणेच्या घरचा.) अर्क 'काढला' म्हणून काढा, असे ठासून सांगणारे पंडित भेटतात. साफ चूक! काढा 'क्वथ्'चा, म्हणजे उकळण्याचा. त्याची काढण्याशी सोयरीक नाही. आणि 'ड्रॅग'ला 'ओढ' सुचवणाऱ्यांनो, ओढ माहेरची लागते. लेझरने ती कशी कमी व्हायची?

हां, 'स्वनातीत' राहिलेच. ते सुपरसॉनिकला, म्हणजे ध्वनीहून जास्त वेगाला, ठेवा. माख ५च्या पुढे 'अतिस्वनातीत' लिहा.