निंबतेलाचा डोस वाढवू नका

प्रश्न: काकडीच्या पानांवर भुरीचे पांढरे ठिपके दिसू लागलेत. दुकानदार सांगतो, निंबतेल लिटरला 15 मिली घ्या आणि त्यातच गंधक मिसळा. झाडाचंच औषध आहे, जास्त झालं तरी काही होत नाही. शेजारच्या टोमॅटोवर करपा आहे, त्यालाही हेच मारू का? अनुदान मिळतं का?

उत्तर: 15 मिली अजिबात नको. लिटरला 5 मिली पुरे. जास्त तेल मारलेल्या काकडीची पानं मी कितीतरी शेतांत पाहिली आहेत. कडा तपकिरी, कागदासारख्या कडक. शेतकरी म्हणतो रोग वाढला. तो रोग नसतो, तेलाने पान भाजलेलं असतं.

गंधक आणि तेल एकत्र कधीच नाही. एकामागोमागही नाही, मध्ये किमान दोन आठवडे जाऊ द्या. फवारणी ऊन उतरल्यावरच करा. दुपारी मारलं तर पान भाजतं, शिवाय अझाडिरेक्टिन, म्हणजे निंबातला कीड रोखणारा मुख्य घटक, उन्हात टिकत नाही.

तेल नुसतं पाण्यात मिसळत नाही. आधी थोड्या पाण्यात साबणाबरोबर चांगलं घुसळा, मग पंपात ओता. वर तवंग दिसला तर फवारू नका. एका झाडावर नुसतं पाणी आणि दुसऱ्यावर नुसतं तेल पडेल. जिथे तेल पोचतं तिथलीच भुरी दबते, म्हणून पानाची खालची बाजूही भिजली पाहिजे. सात-आठ दिवसांनी पुन्हा फवारा. पान निम्मं पांढरं झाल्यावर तेलाचा उपयोग नाही.

टोमॅटोचा करपा निंबतेलाने थांबत नाही. खालची रोगट पानं काढून शेताबाहेर टाका आणि शिफारशीतलं बुरशीनाशक लेबलवरच्या मात्रेतच मारा.

टोमॅटोवर घरचा 5 टक्के निंबोळी अर्क मात्र जरूर मारा, तो पांढऱ्या माशीसाठी. पानं गोळा करणारा विषाणू तीच पसरवते, आणि झाडात शिरलेल्या विषाणूवर औषध नाही. 5 किलो कुटलेली निंबोळी रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी फडक्यातून पिळून गाळा, 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून घाला आणि एकूण 100 लिटर करा. त्याच संध्याकाळी संपवा, उरवून ठेवू नका.

‘शंभर टक्के नैसर्गिक’ एवढंच छापलेली, नोंदणी क्रमांक आणि अझाडिरेक्टिनचं प्रमाण नसलेली बाटली दुकानदाराला परत करा. आत काय आहे ते त्यालाही माहीत नसतं. अनुदानाची चौकशी सहायक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहायक), खरेदीच्या आधी.