पिल्लू सेंटरला सोडून आलो, आता घरात बसवत नाही

प्रश्न : ताई नमस्कार, गेल्या शनिवारी आम्ही आमच्या कोकोला गाईड डॉगच्या, म्हणजे दृष्टिहीन माणसांना रस्ता दाखवणाऱ्या कुत्र्यांच्या, ट्रेनिंग सेंटरला सोडून आलो. आठ आठवड्यांचा असताना वाढवायला म्हणून आमच्याकडे आला होता, गेला तेव्हा पंधरा महिन्यांचा होता. हा आपला नाही, एक दिवस द्यायचाय हे पहिल्या दिवसापासून माहीत होतं, मुलांनाही सांगून ठेवलेलं, तरी आता घरात पाऊल टाकवत नाही. पहाटे साडेपाचला जाग येते आणि पाय आपोआप दाराकडे जातात. नातेवाईक म्हणतात कुत्राच तर होता, आणि तोही तुमचा नव्हता, एवढं काय मनाला लावून घ्यायचं. मिस्टर म्हणतायत चल चार दिवस कुठेतरी जाऊन येऊ. पण तो तिकडे अनोळखी जागी आणि आपण मजेत फिरायचं हे मला पटत नाहीये. जावं का? लगेच जावं की थांबावं? आणि सेंटरवाले विचारतायत पुढचं पिल्लू घेणार का, त्यांना काय सांगू?

उत्तर : आधी हे सांगते की जा. नक्की जा. फक्त आज उठून निघू नका.

मी स्वतः दोन पिल्लं वाढवून दिलीयेत त्यामुळे हे अनुभवाने सांगतेय. पहिल्या वेळी मी बॅगा गाडीतच ठेवल्या होत्या, सेंटरला पिल्लू सोडलं, गेटच्या बाहेर आले आणि तशीच पुढे ट्रिपला गेले, म्हटलं रिकामं घर बघायलाच नको. पाच दिवस राहिले आणि पाचही दिवस डोक्यात एकच, की आता परत गेल्यावर दार उघडताना काय होईल. आणि झालंच. कोपऱ्यात त्याचं पाण्याचं भांडं तसंच, पाणी आटून तळाला पांढरी कड धरलेली, सोफ्याच्या कव्हरवर केस, सोफ्याखाली अर्धवट चावलेलं खेळणं. मी चप्पल न काढता तिथेच बसून राहिले. दुसऱ्या पिल्लाच्या वेळी शहाणी झाले, चार रात्री घरीच काढल्या, भांडं घासून ठेवलं, त्याच्या अंथरुणाचं कव्हर धुतलं, खेळणी एका पिशवीत भरून कपाटात ठेवली, सगळं रडत रडतच केलं पण केलं, आणि मग निघाले. ती ट्रिप खरी ट्रिप झाली. म्हणून म्हणते, तुमचा शनिवार गेलाय, आता दोन-तीन दिवस घर आवरा आणि मग जा.

आता तुमच्या मनातली खरी अडचण, की तो तिकडे एकटा आहे. तो एकटा नसतो हो. तिथे इतर कुत्री असतात, दिवसभर माणसं असतात, आणि बऱ्याच सेंटरमध्ये पिल्लाला कायमचं आणण्याआधी एखाद-दोन रात्री राहायला बोलावतात म्हणजे जागेचा वास ओळखीचा होतो. पहिले काही दिवस बावरतात, कोणी नीट खात नाही, पण बहुतेक कुत्री लवकरच रुळतात. आणि रुळतात ती तुमच्यामुळेच. पिल्लाचं वय साधारण तीन आठवड्यांपासून तीन-साडेतीन महिन्यांपर्यंत असतं तेव्हा जे जे दिसतं ऐकू येतं ते त्याला 'जगात असं असतंच' म्हणून मान्य होतं, पुढे हे तितक्या सहज होत नाही. तुम्ही त्याला बसमध्ये नेलंत, लिफ्टमध्ये नेलंत, गुळगुळीत फरशीवर चालवलंत, गर्दीत पायाशी बसवलंत, सांगितल्यावर शी-शू करायला शिकवलंत. म्हणूनच आज नवीन माणूस पट्टा हातात घेतो तेव्हा तो जग संपल्यासारखा वागत नाही. हार्नेस, म्हणजे अंगावर बांधायचा मुठीचा पट्टा, घालून रस्ता दाखवायचं शिक्षण तर सेंटरमध्येच होतं, त्याला पुढे काही महिने लागतात, आणि ते शिकायला लागतं शांत डोकं. ते तुमच्या घरात घडलंय.

आणि नातेवाईक म्हणतात 'तुमचा नव्हताच', त्याबद्दल बोलायलाच हवं कारण मला वाटतं तुम्हाला जास्त टोचतंय ते हेच. केनेथ डोका नावाच्या अभ्यासकांनी 1989 मध्ये यावर पुस्तक काढलं होतं, ज्या दुःखाला आजूबाजूची माणसं दुःख म्हणून मान्यताच देत नाहीत अशा दुःखावर. कोणी गेलं की लोक भेटायला येतात, सुट्टी मिळते, दोन दिवस कोणी कामाचं विचारत नाही. तुमच्याकडे कोण आलं? उलट लोकांनी अभिनंदन केलं असेल, किती चांगलं काम केलंत म्हणून. आणि त्यात कोको जिवंत आहे, छान आहे, फक्त तुमच्याकडे नाही, त्यामुळे रडायचं तरी कशासाठी हेही स्वतःला समजावता येत नाही. पॉलीन बॉस नावाच्या दुसऱ्या अभ्यासकांनी अशा धड गेलंही नाही आणि उरलंही नाही या प्रकारच्या ताटातुटीवर अनेक वर्षं लिहिलंय. तुम्हाला जे होतंय त्याला नाव आहे, लोकांनी त्याचा अभ्यास केलाय, तेव्हा 'एवढं काय' हा शब्द मनावर घेऊ नका.

कुठे जायचं ते. जिथे कोकोला घेऊन गेला होतात तिथे या वेळी अजिबात नको, प्रत्येक वळणावर तो दिसेल. एकाच ठिकाणी मुक्काम करा, चार-पाच दिवस, रोज नवीन गाव नवीन हॉटेल असला कार्यक्रम नको कारण तुम्ही दमलेल्या आहात, पंधरा महिने एक डोळा कायम त्याच्यावर होता, जमिनीवर काय पडलंय, त्याने तोंडात काय घातलं, आता बाहेर न्यायची वेळ झाली का, हे दिवसरात्र डोक्यात चालू होतं. तो थकवा पिल्लू घरात असताना जाणवत नाही. गेल्यावर एकदम अंगावर येतो आणि आपल्याला वाटतं हे सगळं दुःखच आहे, पण त्यातलं बरंच नुसतं जागरण असतं. तेव्हा पहिले दोन दिवस झोपा. काही बघायला नाही गेलात तरी चालेल.

मग चाला. हे मी मुद्दाम सांगतेय. गाईड डॉगना डाव्या बाजूने चालायची सवय लावतात, त्यामुळे तुमचा डावा हात पंधरा महिने पट्टा धरून होता आणि आता तो नुसता लोंबतोय, तुम्हाला कळत नसेल पण चालताना अस्वस्थ वाटतं त्याचं अर्धं कारण तो हात असतो. मी त्या हातात काठी धरली होती, डोंगरातल्या वाटेवर चालायची साधी काठी. तुम्ही कॅमेरा धरा, मुलाचा हात धरा, काहीही. समुद्र असो की जंगल की डोंगर, मला त्यात फरक वाटत नाही, फक्त रोज तास-दोन तास चालता येईल अशी जागा हवी आणि ते चालणं सकाळच्या त्याच वेळेला नको. साडेपाचला जाग आली तर पडून राहा, चहा घ्या, बाहेर उजाडताना बघा. शरीराचं ते घड्याळ नवीन जागी लवकर सुटतं, घरी त्याला जास्त दिवस लागतात, ट्रिपचा मोठा फायदा मला तरी हाच वाटतो.

वाटेत कोणाचा तरी लॅब्रेडॉर दिसणारच आणि तुम्ही भर रस्त्यात रडणार, ते होऊ द्या. मालकाला विचारून थोडं खाजवा त्याला. मात्र हार्नेस घातलेला कुत्रा दिसला तर हात लावू नका, हाकही मारू नका, तुम्हाला हे माहितीच आहे पण अशा वेळी माणसाला राहवत नाही म्हणून सांगते.

सोबत असं माणूस न्या ज्याच्यासमोर कोकोचं नाव काढता येईल. मन रमवण्याच्या नादात मिस्टर विषय बदलत राहिले तर त्यांना स्पष्ट सांगा की मला बोलायचंय.

फोनचं आधी ठरवून जा. काही सेंटर अधूनमधून प्रगती कळवतात, ते मेसेज कोणी वाचायचे, तुम्ही की मिस्टरांनी, आणि दिवसातून कधी. सारखं उघडून बघत बसलात तर शरीराने ट्रिपवर आणि जिवाने सेंटरच्या गेटवर. पण फोन पूर्ण बंदही ठेवू नका, याला कारण आहे. सगळीच पिल्लं गाईड डॉग होत नाहीत. कोणाच्या खुब्यात दोष निघतो, कोणाला डोळ्यांचा किंवा त्वचेचा त्रास, कोणी आवाजाला घाबरतं, कोणी दुसरं कुत्रं दिसलं की भान विसरतं. मग त्याला दुसऱ्या कामाला लावतात किंवा घरगुती कुत्रा म्हणून देतात, आणि बऱ्याच संस्था तेव्हा वाढवणाऱ्या घराला आधी विचारतात. तो फोन इतक्या लवकर येण्याची शक्यता कमी, पण नंबर देऊन ठेवा. आणि आला तर 'हो हो लगेच पाठवा' असं तिथून ओरडू नका, घरी येऊन सगळ्यांशी बोलून सांगते म्हणा. पुढची दहा-बारा वर्षं त्याला सांभाळायचं असेल.

परत येताना रात्री उशिरा नका येऊ. दुपारी या, उजेड असताना, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच्या फिरण्याच्या वेळेला काहीतरी ठरवून ठेवा, मैत्रिणीबरोबर चालणं, पोहायला जाणं, काहीही.

नवीन पिल्लाचं उत्तर ट्रिपच्या आधी देऊ नका आणि ट्रिपवरूनही देऊ नका. आठ आठवड्यांचं पिल्लू म्हणजे रात्री दोनला अंगणात उभं राहणं परत आलं. काही जणांना ते औषधासारखं लागू पडतं, सकाळी एक सोडतात आणि संध्याकाळी दुसरं घेऊन येतात, मी अशी घरं बघितलीयेत. मला स्वतःला जमलं नाही, मध्ये जवळजवळ वर्ष गेलं. स्वतःला एवढंच विचारा की तुम्हाला पिल्लू हवंय की कोको हवाय. कोको हवा असेल तर अजून थांबा, नाहीतर त्या बिचाऱ्या नव्या जिवाकडे तुम्ही रोज 'हा त्याच्यासारखा नाही' म्हणून बघाल.

प्रश्न : आमचं पिल्लू पुढच्या महिन्यात जाणार. मुलगी नऊ वर्षांची आहे. सोडायला जाताना तिला नेऊ नये असं ठरतंय, ती शाळेत असताना गुपचूप सोडून यायचं आणि सुट्टी लागली की तिला ट्रिपला न्यायचं म्हणजे विसरेल. बरोबर आहे का?

उत्तर : नाही. कृपा करून असं करू नका. शाळेतून आल्यावर तो नाही हे तिला कळणार, आणि मग तुम्ही कुठलीही ट्रिप काढलीत तरी तिच्या डोक्यात एकच राहील की आईबाबा न सांगता कोणालाही नेऊन सोडू शकतात. तिला घेऊन जा. पट्टा तिच्या हातात द्या, तिलाच तो ट्रेनरच्या हातात देऊ दे. तिचा एखादा जुना टॉवेल किंवा टीशर्ट पिल्लासोबत ठेवायला सेंटर परवानगी देतं का ते विचारा. मुलं या कामात नवीन नाहीत, अमेरिकेत 'द सीइंग आय' या संस्थेने 1942 मध्ये पिल्लं घरोघरी वाढवायला द्यायला सुरुवात केली तेव्हा ती शेतावरच्या, गावाकडच्या मुलामुलींकडेच दिली होती, म्हणजे इतकी वर्षं मुलं पिल्लं वाढवतायत, रडतायत आणि देतायत. ट्रिप मात्र जरूर काढा, आणि तिला सांगा की आपण दमलोय म्हणून चाललोय. विसरायला चाललोय असं चुकूनही म्हणू नका.

प्रश्न : मी दृष्टिहीन आहे, तीन वर्षांपासून माझ्याकडे गाईड डॉग आहे. तिला ज्या कुटुंबाने वाढवलं त्यांचा पत्ता सेंटरकडून मिळू शकतो. मी लिहावं का? त्यांची जखम पुन्हा उघडेल अशी भीती वाटते.

उत्तर : तुमचं पत्र वाचून मी थोडा वेळ काही टाईप करू शकले नाही. लिहा. सेंटरमार्फतच पाठवा म्हणजे त्यांना हवं तेव्हा उघडता येईल.

मला असं पत्र आलं तेव्हा पिल्लू देऊन दोन वर्षं झाली होती, मी बाहेरगावी होते, घरून कोणीतरी फोनवर वाचून दाखवलं. त्यात एका सकाळचं लिहिलं होतं. माझं पिल्लू ज्यांचा गाईड डॉग झालं ते रस्ता ओलांडायला निघाले, रहदारीचा आवाज ऐकून त्यांना वाटलं मोकळं आहे, 'चल' म्हणाले, आणि कुत्रा हललाच नाही. तेवढ्यात समोरून आवाज न करणारी गाडी गेली. सिग्नलचे रंग बघून कुत्री थांबत नाहीत, कधी ओलांडायचं ते माणूसच कान देऊन ठरवतो, पण धोका दिसला तर आज्ञा मोडायची हे त्यांना शिकवलेलं असतं. माझ्या घरी तो साधं 'बस' म्हटलं तरी एकदा माझ्याकडे, एकदा बिस्किटाकडे बघायचा. तो असा उभा राहिला हे ऐकून मला जे वाटलं ते मी अजून कोणाला नीट सांगू शकलेले नाही.

मोठं काही लिहू नका. आभाराची भाषणं नकोत त्यांना. ती कुठे झोपते ते लिहा, पाऊस आवडतो का, अजून चप्पल तोंडात धरून दारात येते का, हार्नेस काढला की कशी लोळते. आणि तिच्या लहानपणाबद्दल एखादा प्रश्न विचारा, जो फक्त त्यांनाच माहीत असेल.