माळरानावर गाडीतून काढलेले पक्ष्यांचे फोटो दुपारी धूसर का येतात?

तुम्ही लिहिलंय की पुणे जिल्ह्यातल्या कडबनवाडीच्या माळावर गाडीत बसूनच फोटो काढता, लेन्स ६०० मिमीची आहे, फोकस पक्ष्यावरच लागलेला दिसतो आणि तरी पिसं उठून येत नाहीत. लेन्स दुरुस्तीला टाकायची घाई करू नका. दोष बहुतेक हवेचा आहे.

जमीन तापली की तिच्यालगतची हवा वर उठते, आणि त्या गरम-गार थरांतून येणारा प्रकाश सतत वाकत राहतो. धाविक, माळटिटवी, पखुर्डी हे पक्षी नेमके त्याच थरात वावरतात. शटर १/२००० सेकंद केलं तरी ही थरथर जात नाही, आणि लेन्स मोठी तितकी ती ठळक दिसते. तेव्हा तुमच्या आणि पक्ष्याच्या मधली हवाच कमी करायला हवी. दुपारी साठ मीटरवरच्या पखुर्डीचे ढीगभर फोटो काढण्यापेक्षा सकाळी पंधरा मीटरवरची एक मिळवा. उन्हाळ्यात नऊ-साडेनऊनंतर मी कॅमेरा ठेवून देतो आणि दुर्बीण घेतो. ढगाळ दिवस असेल तर गोष्ट वेगळी.

गाडीचाही यात हात असतो. थंडीत हीटर लावून आलात आणि पक्षी दिसल्यावर काच खाली केली, की आतली ऊब लेन्ससमोरूनच बाहेर पडते. उन्हाळ्यात एसीचा गारवा तेच करतो. म्हणून माळ लागण्याआधीच सगळ्या काचा खाली घ्या, एसी-हीटर बंद. बॉनेटवरून फोटो नकोच, तिथे इंजिनची धग असते. थांबलात की इंजिनही बंद करा. काच अर्धी वर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवायला बीनबॅग टाका. जुन्या जीन्सच्या पायात ज्वारी भरून शिवलेली पिशवीसुद्धा छान चालते.

भोवत्या (हॅरियर) या शिकारी पक्ष्यासाठी वारा बघा. भक्ष्य शोधताना भोवत्या बऱ्याचदा वाऱ्याला तोंड देऊन, गवताच्या टोकांवरून संथ उडतो. वारा आणि ऊन दोन्ही तुमच्या पाठीशी असतील अशी गाडी लावलीत, तर तो समोरून येतो आणि चेहऱ्यावर उजेड मिळतो.

धाविकाकडे गाडी सरळ नेऊ नका, वाटेनेच तिरकी, थांबत थांबत न्या. तो चार पावलं पळतो, थांबतो, वाकून किडा टिपतो. टिपतोय तोवर ठीक. मान ताणून ताठ उभा राहिला की जागीच थांबा. पुन्हा चरायला लागला की मगच गाडी हलवा.

आणि कितीही मोह झाला तरी वाट सोडून गवतात चाक घालू नका. धाविक आणि माळटिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. ती मातीच्याच रंगाची, ठिपक्यांची असतात, गाडीतून अजिबात दिसत नाहीत. साधारण मार्च ते ऑगस्ट हा त्यांचा काळ. टिटवी ओरडत गाडीवर झेपावू लागली तर फोटो न काढता तिथून पुढे निघा, कारण तुम्ही अडवलेत तोवर ती अंड्यांवर बसू शकत नाही आणि अंडी उन्हात तापत राहतात.