एचएमओ घेताना हप्त्याआधी मेडिकल ग्रुप बघा

कॅलिफोर्नियातल्या नव्या नोकरीत आरोग्य विम्याचे एचएमओ (ठरलेल्या डॉक्टरांकडेच, बहुधा प्रायमरी डॉक्टरमार्फत उपचार) आणि पीपीओ (डॉक्टर निवडायची जास्त मोकळीक) असे दोन्ही प्रकार मिळतायत, एचएमओचा हप्ता बराच कमी आहे, तर त्यात काही गोम आहे का, असं तुम्ही विचारलंय. गोम नाही. पद्धत वेगळी आहे, आणि ती नीट कळली नाही तर बिलं अंगावर येतात.

एचएमओमध्ये बहुतेक वेळा तुमच्या नावावर दरमहा ठरावीक रक्कम डॉक्टरांच्या गटाला आगाऊ जाते. तुम्ही महिन्यात चारदा जा नाहीतर एकदाही जाऊ नका, रक्कम तीच. याला कॅपिटेशन म्हणतात. कल्पना जुनी आहे. १९३३ मध्ये कोलोरॅडो नदीच्या कालव्यावरच्या मजुरांसाठी डॉ. सिडनी गारफिल्ड यांनी वाळवंटात काढलेलं इस्पितळ माणशी रोज ५ सेंट आगाऊ घेतल्यावर तगलं. कैसर पर्मनंटे या आजच्या मोठ्या एचएमओचं मूळ तेच. या पद्धतीत अनावश्यक तपासण्या टळतात, पण आवश्यक तपासणीलाही टाळाटाळ होऊ शकते. म्हणून लक्ष आपणच ठेवायचं.

कैसरमध्ये डॉक्टर, लॅब, इस्पितळ सगळं एकाच व्यवस्थेत असतं. इतर एचएमओमध्ये मात्र तुम्ही प्रायमरी डॉक्टर (कुठल्याही आजारात आधी ज्याच्याकडे जायचं तो) निवडता तेव्हा त्याचा मेडिकल ग्रुप, म्हणजे तो ज्या डॉक्टरांच्या गटात आहे तो गटही निवडलेला असतो, आणि लोक हमखास इथेच अडकतात. विमा कंपनीच्या यादीत हृदयरोगतज्ज्ञ दिसतो, पण तो तुमच्या ग्रुपमध्ये नसेल तर त्याच्याकडे जायचं रेफरल (प्रायमरी डॉक्टरने पुढे पाठवणं) सहसा मिळत नाही. म्हणून आधी हवा तो स्पेशालिस्ट आणि जवळचं इस्पितळ ठरवा, ते कोणत्या ग्रुपकडे आहेत ते फोन करून विचारा, मग त्या ग्रुपमधला प्रायमरी डॉक्टर घ्या. नंतर डॉक्टर बदलता येतो, पण बदल बहुधा पुढच्या महिन्याच्या १ तारखेपासून लागू होतो.

डॉक्टर तोंडी "पाठवतो" म्हणाले की लगेच अपॉइंटमेंटला जाऊ नका. मंजुरीचं पत्र येऊ द्या. त्यावर मंजुरी क्रमांक, कोणाकडे जायचं, किती भेटी आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे चारही वाचा. दोन भेटी मंजूर असताना तिसरीला गेलात तर बिलाचा वाद सुरू होतो. स्पेशालिस्टने एमआरआय सांगितला तर त्याची मंजुरी सहसा वेगळी लागते. स्त्रीरोगतज्ज्ञाकडे जायला मात्र रेफरल लागत नाही, फक्त डॉक्टर नेटवर्कमधली, म्हणजे प्लॅनशी करार असलेली हवी.

छातीत दुखणं, अपघात अशा वेळी नेटवर्क बघत बसू नका, जवळच्या इमर्जन्सीत जा. २०२२ पासून केंद्रीय कायद्यामुळे, इस्पितळ नेटवर्कबाहेरचं आहे म्हणून तिथलं जादा बिल तुमच्यावर टाकता येत नाही. रस्त्यावरची रुग्णवाहिका त्या केंद्रीय कायद्यात येत नाही.

स्पेशालिस्टची साधी अपॉइंटमेंट कॅलिफोर्नियात १५ कामकाजी दिवसांत मिळायला हवी. उशीर झाला किंवा नकार आला तर आधी प्लॅनकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर राज्याच्या मॅनेज्ड हेल्थ केअर विभागाकडे जा. उपचार वैद्यकीयदृष्ट्या गरजेचा नाही म्हणून नाकारला असेल तर तिथे बाहेरचे डॉक्टर प्रकरण तपासतात. त्याला पैसे पडत नाहीत आणि त्यांचा निर्णय प्लॅनला बंधनकारक असतो. पुष्कळ लोक पहिल्या नकारावरच थांबतात, तसं करू नका.

आणि भारतातून भेटीला येणाऱ्या आईबाबांना सहसा या प्लॅनमध्ये घालता येत नाही, त्यांचा व्हिजिटर विमा वेगळा काढा.