हाक कोणाची, हे कसे ओळखावे?

प्रश्न : सकाळी पवित्र शास्त्र उघडून प्रार्थनेला बसते, पण दोन वचने वाचून होत नाहीत तोच फोन वाजतो, मुले हाक मारतात, राहिलेली कामे डोक्यात फिरू लागतात. त्यातच आमच्या चर्चच्या पाळकांनी मला शब्बाथशाळेची, म्हणजे रविवारी मुलांना बायबल शिकवण्याच्या वर्गाची, जबाबदारी घेण्याविषयी विचारले आहे. हे देवाचे पाचारण आहे की केवळ नकार देण्याचा संकोच, हे मला कळत नाही. एवढ्या गोंगाटात देवाचा आवाज ओळखावा तरी कसा? (एक वाचक भगिनी)

उत्तर : ताई, आपल्या प्रश्नात दोन काळज्या गुंतल्या आहेत. मन थाऱ्यावर राहत नाही ही एक, आणि मनात उठलेला विचार देवाचा की आपलाच, हे उमगत नाही ही दुसरी.

पहिलीविषयी थोडक्यात सांगतो. मुलाच्या हाकेने प्रार्थना मोडली म्हणून देव तेथून उठून जात नाही. मुलाकडे जाताना आपण त्याच्यासमोरूनच जात असतो. १७व्या शतकात पॅरिसमधील कार्मेलाइट या ख्रिस्ती संन्यासी संघाच्या मठात ब्रदर लॉरेन्स हे स्वयंपाकघरात राबत, आणि भांड्यांच्या खडखडाटातही देवाशी बोलणे चालू ठेवता येते, हे त्यांनी अनुभवले होते. फोनची गोष्ट मात्र वेगळी आहे. स्तोत्रसंहितेशेजारी मी फोन पालथा ठेवत असे, तरी त्याच्या कडेने उजेड झिरपला की बोट वचनावर आणि डोळा त्या उजेडावर, अशी माझी अवस्था होई. आता तो त्या वेळी दुसऱ्या खोलीत असतो.

दुसरी काळजी अधिक खोल आहे, आणि तिच्यासाठी बायबलमधील शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाचा तिसरा अध्याय सावकाश वाचावा, असे मी सुचवीन. लहानगा शमुवेल तर परमेश्वराच्या मंदिरातच, देवाच्या कराराच्या पवित्र पेटीजवळ, म्हणजे कोशाजवळ, निजलेला होता. दिवा अजून विझलेला नव्हता. तरीही देवाची हाक आली तेव्हा ती वृद्ध याजक एलीचीच असे समजून तो तीन वेळा धावत त्याच्याकडे गेला. देवाच्या इतक्या निकट वाढलेल्या मुलालाही तो आवाज ओळखीच्या माणसाच्या आवाजासारखा वाटला, ही गोष्ट मला फार दिलासा देते. हाक ओळखली ती एलीने, ज्याची दृष्टी मंद झाली होती आणि ज्याच्या घरात बरेच काही बिघडलेले होते. आपल्याला जे ऐकू येते ते एकट्याने तोलायचे नसते. मंडळीतल्या जाणत्या माणसापुढे ते मांडायचे असते. आणखी एक गोष्ट अशी की, शमुवेलाला मिळालेला संदेश सुखावणारा नव्हता. तो एलीच्याच घराण्याविरुद्ध होता. शमुवेल सकाळपर्यंत पडून राहिला, मग उठून त्याने मंदिराची दारे उघडली, आणि एलीला सांगायला तो भीत होता. आपल्याच इच्छेला दुजोरा देणारा प्रत्येक विचार देवाचा मानण्याची घाई करू नये, हे मी या प्रसंगातून शिकलो.

विचार मनात किती काळ आणि कसा टिकतो, हेही पाहावे. १५२१ मध्ये पांप्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय जायबंदी झाल्यावर पुढे जेझुइट संघ स्थापन करणारे स्पॅनिश संत, लोयोलाचे इग्नेशियस, अंथरुणावर पडून होते. पराक्रमाची स्वप्ने रंगवताना त्यांना आनंद होई, पण नंतर मन कोरडे पडे. ख्रिस्ताच्या आणि संतांच्या वाटेने जाण्याचा विचार मात्र सरल्यावरही मनात समाधान ठेवून जाई. हा फरक त्यांच्या ध्यानात आला, आणि आत्म्यांची पारख करण्याची, म्हणजे मनातली कोणती प्रेरणा देवाकडून आहे हे ओळखण्याची, त्यांची पुढची सारी शिकवण तेथूनच वाढली. अर्थात केवळ समाधानावर विसंबू नये. जो विचार प्रभू येशूच्या शिकवणीशी विसंगत आहे, तो कितीही गोड वाटला तरी सोडून द्यावा.

आता शब्बाथशाळेविषयी. पाळकांकडून आठ दिवसांची मुदत मागून घ्या, संकोच करू नका. रोज रात्री स्वतःला विचारा की, आज त्या मुलांचे चेहरे डोळ्यांपुढे आले तेव्हा मनात काय होते : त्यांच्याविषयी ओढ, की पाळकांना काय वाटेल याची धास्ती? उत्तर जसे येईल तसे, न सजवता, प्रभूला सांगा. शेवटी धास्तीच उरली, तर नम्रपणे नकार द्या; ओढ उरली, तर वेळ कमी आहे हेही पाळकांना मोकळेपणाने सांगा आणि महिन्यातल्या एकाच रविवारापासून सुरुवात करता येईल का, ते विचारा.