इंग्लंडमध्ये बहिणीबरोबर फ्लॅट घेताना मालकी कशी ठेवावी?

आपण आणि आपली बहीण पुण्यात राहता, दोघे मिळून मँचेस्टरमध्ये फ्लॅट घेणार आहात आणि तिथला एजंट मात्र ‘परदेशात कंपनी काढून तिच्या नावावर घ्या, कर वाचेल’ असे सांगतो आहे. माझे मत असे की, कंपनीचा विचार सोडून द्यावा आणि फ्लॅट दोघांच्या नावावर, पण हिस्से ठरवून घ्यावा. परदेशी कंपनीच्या आडून वारसा कर (मालकाच्या मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर) टाळण्याची वाट ब्रिटनने एप्रिल २०१७ पासून बंद केली आहे. शिवाय आपल्याकडील २०२२ च्या परदेशी गुंतवणूक नियमांनुसार, स्थावराची नुसती खरेदी-विक्री करणाऱ्या परदेशी कंपनीत भारतातील रहिवाशाला थेट गुंतवणूक करता येत नाही. स्वतःच्या नावावर घर घेण्यासाठी मात्र एलआरएसखाली (रहिवाशांना परदेशी पैसे पाठवू देणारी रिझर्व्ह बँकेची योजना) आर्थिक वर्षाला माणशी अडीच लाख डॉलर पाठवता येतात.

खरी मेख पुढे आहे. मी आणि माझ्या धाकट्या भावाने लेस्टरला फ्लॅट घेतला, तेव्हा सॉलिसिटरने (तिथल्या वकिलाने) पाठवलेल्या टीआर१ या मालकी हस्तांतराच्या फॉर्मच्या दहाव्या रकान्यात ‘जॉइंट टेनंट्स’समोर आधीच फुली मारलेली होती. (इथे टेनंट म्हणजे भाडेकरू नव्हे, मालक.) या प्रकारात एक मालक वारला की त्याचा वाटा आपोआप दुसऱ्याकडे जातो, म्हणजे भावाचे काही बरेवाईट झाले असते, तर त्याचे मृत्युपत्र काहीही म्हणो, भावजयीच्या आणि पुतण्याच्या हाती त्या घरातले काही लागले नसते. मी साठ टक्के आणि त्याने चाळीस टक्के पैसे घातले होते, याचीही कुठे नोंद नव्हती. आम्ही फुली बदलून घेतली आणि ‘टेनंट्स इन कॉमन’ (म्हणजे ज्याचा हिस्सा त्याच्याच वारसांकडे जातो असे सहमालक) म्हणून ६०:४० असे हिस्से त्याच रकान्यात लिहून घेतले. नवरा-बायकोला पहिला प्रकार सोयीचा ठरू शकतो. भावंडांनी मात्र शक्यतो त्याच्या वाटेला जाऊ नये.

भारतात १९८५ पासून मृत्यूनंतरचा कर नसल्यामुळे आपल्या लक्षात येत नाही, पण ब्रिटनमधील घरावर, मालक कुठलाही रहिवासी असला तरी, ३,२५,००० पौंडांपुढे ४० टक्के वारसा कर लागू होतो. ही मर्यादा प्रत्येक मालकाच्या वाट्याला स्वतंत्र मिळते, म्हणून सगळे घर एकट्याच्या नावावर ठेवणेही तोट्याचे ठरू शकते.

त्या घरापुरते इंग्लंडमध्ये वेगळे मृत्युपत्र करावे, मात्र ‘आधीची सर्व मृत्युपत्रे रद्द’ हे त्यातील ठरीव वाक्य तसेच राहू देऊ नये, नाहीतर पुण्यातले मृत्युपत्रही त्यात जाईल. आणि आपापला हिस्सा दोघांनीही दरवर्षी प्राप्तिकर विवरणपत्राच्या ‘शेड्यूल एफए’मध्ये (परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात) दाखवावा, कारण तो न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपयांचा दंड होऊ शकतो, मग घर भाड्याने दिलेले असो वा नुसते कुलूप लावून ठेवलेले असो.